पोटाचं खरं सांगा

वैद्यबाई माणसाला नाव विचारण्याआधी पोट विचारत. मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत नवे कुटुंब राहायला आले की शेजारी चहा घेऊन जात, दूधवाल्याचा नंबर देत. वैद्यबाई दारात उभ्या राहून विचारत, "काय, पोट साफ होतं ना?" घर पंजाबी किंवा बंगाली असेल तर हाच प्रश्न हिंदीत. पहिल्या भेटीत लोक गोंधळत, दुसऱ्या भेटीत हसत आणि तिसऱ्या भेटीत घरच्यांनाही न सांगितलेले सगळे त्यांना सांगून मोकळे होत.

त्या कोकणातल्या. आयुर्वेदाची पदवी पुण्याची, नोकरी केंद्र सरकारची. दिल्लीतल्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांचा आयुर्वेद विभाग होता आणि त्याला लागून कर्करोगाचा वॉर्ड. सुती साडी, हिवाळ्यात तिच्यावर जाड जाकीट, पायांत कापडी बूट, अशा वेशात त्या रोज सकाळी मेट्रो गाठत. आवाज मऊ होता. समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत त्या मान हलवत आणि संपल्यावरही थोडा वेळ थांबत, राहिलेले काही असेल तर यावे म्हणून. त्यांच्याकडे मनातले बोलून गेलेला माणूस त्यांना दुखवायला तयार नसे. ही गोष्ट पुढे त्यांनाच महागात पडणार होती.

त्यांच्या कामाचा विषय चारचौघांत काढण्यासारखा नव्हता. केमोथेरपीच्या काही औषधांनी रुग्णाला जुलाब होतात. ते कधी इतके वाढतात की सलाईन लावावे लागते, पुढची फेरी लांबते, डोस कमी करावा लागतो. म्हणजे कर्करोगाशी चाललेला सामना पोटापाशी अडतो. "केस गेले तर माणसं टोपी घेऊन भेटायला येतात," वैद्यबाई म्हणत. "जुलाब झाले तर भेटायला कुणी येत नाही. आणि ज्याला होतात तो सांगत नाही." अतिसारावर कुड्याची साल, नागरमोथा आणि कच्च्या बेलफळाचा गर ही आपल्याकडची जुनी औषधे. केमो सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून ती दिली तर जुलाब मुळात टळतील का, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी रुग्णालयात रीतसर चाचणी चालू होती आणि ती त्यांनी उभी केली होती. सोसायटीतले कुणी म्हणाले, "बाई, ग्रंथात लिहिलंय, मग चाचणी कशाला?" तर त्या म्हणत, "ग्रंथात अतिसार आहे, केमो नाही. ग्रंथ लिहिणाऱ्यांनी ही औषधं पाहिलीच नव्हती. त्यांच्या नावावर मी का खपवू?"

त्यांचा एक नियम होता. कर्करोगाच्या डॉक्टरांना माहीत नसलेली चिमूटभर पूडही त्या देत नसत. परभणीचा अल्ताफ राजेंद्र नगरात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. त्याच्या आईची केमो गावाकडे चालू होती. कुणीतरी सांगितले म्हणून तो मेट्रोने वैद्यबाईंच्या घरी आला. मी तेव्हा तिथे बसले होते.

"अम्मीला द्यायला थोडं औषध द्या ना, बाई. मी कुरिअर करतो."

"तिच्या डॉक्टरांचा नंबर दे."

"ते ओरडतील, बाई. देशी औषधाचं नाव काढलं की ओरडतात."

"मग त्यांच्याआधी मीच ओरडते तुझ्यावर. केमोच्या औषधाशी काय जुळतं, काय जुळत नाही, हे तुला माहीत आहे? मलाही सगळं माहीत नाही. लाव फोन."

फोन लागला. परभणीच्या डॉक्टरांशी त्या बराच वेळ बोलल्या. औषध दिले नाही. पहिला पातळ जुलाब झाला की कोणती गोळी घ्यायची, मीठ-साखरेचे पाणी कसे घ्यायचे, ताप आला तर लगेच दवाखाना का गाठायचा, हे त्यांनी अल्ताफकडून आईला फोनवर सांगवून घेतले. मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुझं सांग. मेसचं जेवतोस ना? पोट कसं आहे?" अल्ताफ लाजला. "अगदी बिल्कुल ठीक," म्हणाला. "बिल्कुल ठीक म्हणणाऱ्या मुलांचंच बिघडलेलं असतं," असे म्हणून त्यांनी त्याच्यापुढे ताकभात ठेवला.

चाचणीची एक अडचण त्यांनी घरीच सोडवली. निम्म्या रुग्णांना खऱ्या औषधाची पुडी द्यायची आणि निम्म्यांना औषध नसलेली, दिसायला तशीच. कुणाला कोणती मिळाली हे रुग्णाला कळता कामा नये आणि वैद्यबाईंनाही. त्याची यादी दुसऱ्याच एका कार्यालयात बंद. पण कुडा विलक्षण कडू. औषध नसलेली पुडी तितकीच कडू नसेल तर रुग्ण पहिल्याच घोटाला ओळखेल. पोटावर काही परिणाम करणार नाही आणि तोंड मात्र तितकेच वाकडे करील असे काही हवे होते. एका संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेलेल्या बायकांना दारातच दोन चमचे पाजण्यात आले. एक या वाटीतला, एक त्या वाटीतला.

"खरा कोणता?" त्यांनी माझ्या आईला विचारले.

"दोन्ही खरे," आई तोंड वेडेवाकडे करत म्हणाली. "अहो, तीळगूळ कुठाय?"

"अजून बाकीच्या चाखायच्यात. मिसेस चढ्ढा, आप आइए."

मिसेस चढ्ढांनी दोन्ही चमचे संपवले आणि आपल्याला आजवर कुणी इतक्या प्रेमाने विष पाजले नव्हते, असे हिंदीत सांगितले. एकीलाही फरक ओळखता आला नाही. वैद्यबाईंचा चेहरा त्या संध्याकाळी वाण लुटणाऱ्या बाईपेक्षा जास्त खुलला होता. औषध नसलेल्या पुडीला सोसायटीतले लोक "खोटं औषध" म्हणू लागले, तेव्हा त्यांनी तो शब्द बंद पाडला. "खोटं कसं? ती पुडी घेणारा माणूसही तितकंच खरं सांगत असतो. कोरी पुडी म्हणा."

पुढे आमच्या घरात या कोऱ्या पुडीवरून वाद झाला. माझे वडील, ज्यांना सगळी सोसायटी नाना म्हणते, एका केंद्रीय मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या मोठ्या आतड्यात कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, मग केमो ठरली, त्याच रुग्णालयात. चाचणीबद्दल वैद्यबाईंनी त्यांना अवाक्षर सांगितले नाही. शेजारी आहेत, माझ्या शब्दाखातर हो म्हणतील, म्हणून त्यांनी ते काम सहकारी डॉक्टरांवर सोडले आणि ओळख असल्याचे वरिष्ठांना आधीच कळवले. नाना तरीही हो म्हणाले. ऐकून घेण्याआधीच म्हणाले, असे त्या डॉक्टरांनी नंतर सांगितले. आईला मात्र झोप येईना. ती वैद्यबाईंकडे गेली.

"बाई, एवढ्या वर्षांचा शेजार आहे. यांना कोरी नको. खरी द्या."

"वहिनी, कोणाला कोणती गेली ते मला माहीत नसतं."

"तुम्ही मनात आणलं तर कळेल की."

"मनात आणायचं नाही, एवढंच तर माझं काम आहे. आणि खरीनं फायदा होतो हे तरी कुठं ठरलंय? काही व्हायला लागलं तर मला नाही, आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करायचा. नेहमीच्या गोळ्या सगळ्यांना मिळतात, त्या घरात आणून ठेवा."

आई परत आली आणि म्हणाली, "दगड आहे बाई." नाना म्हणाले, "दगड आहेत म्हणून तर त्यांच्यावर घर बांधता येतं."

चाचणीतल्या प्रत्येक रुग्णाला वैद्यबाई रोज संध्याकाळी स्वतः फोन करत. शाहदऱ्याचा फळवाला, गाझियाबादची शाळामास्तरीण, नोएडाचा सुरक्षा रक्षक, सगळ्यांना तोच मऊ आवाज आणि तोच प्रश्न: आज कितीदा जावं लागलं, पोटाचं खरं सांगा. आमच्याकडेही फोन येई. समोरच्या इमारतीतून आमच्याकडे यायला त्यांना दोन मिनिटे लागली असती, पण सगळ्यांना फोन तर नानांनाही फोन. नाना फोन घेत, उठून खिडकीपाशी जात आणि ठणठणीत आवाजात सांगत, "उत्तम. काही त्रास नाही. बिल्कुल नॉर्मल." पहिली फेरी खरोखरच बरी गेली. दुसऱ्या फेरीनंतरही उत्तर तेच होते. संसदेचे अधिवेशन चालू होते, त्याच्या बातम्यांसाठी मी सकाळी निघून उशिरा परतत असे. नाना खंगलेले दिसत, पण केमोत माणूस खंगतोच, असे घरात सगळे धरून चालले होते.

वैद्यबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या बाल्कनीसमोर येते. जानेवारीचे धुक्याचे दिवस होते. अशा दिवसांत दिल्लीत कुणी जास्तीचे कपडे धूत नाही, कारण ते वाळत नाहीत. आमच्या दोरीवर मात्र नानांचे पायजमे ओळीने लटकत होते, सकाळीही आणि दुपारीही. रविवारी त्या चहा करत असताना त्यांचे लक्ष तिकडे गेले. गॅस बंद करून, जाकीट न घालता त्या वर आल्या. मी घरी होते.

नाना पलंगावर होते. वैद्यबाईंनी त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू जागेवर आली, अंगातले पाणी आटल्याची खूण. जीभ पाहिली. मग विचारले, "नाना, किती दिवस?"

"काही नाही हो, जरा..."

"नाना."

"चार-पाच दिवस झाले," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. "मोजदाद ठेवणं सोडलं. मला शपथ घातली होती, बाईंना कळू द्यायचं नाही म्हणून."

"पण का?"

नानांनी तोंड भिंतीकडे केले. "बाई, तुम्ही इतकी वर्षं खपताय. आपल्या मराठी बाईचं नाव होतंय एवढ्या मोठ्या ठिकाणी. माझ्या एकट्याच्या पोटापायी तुमच्या औषधाला बट्टा नको. एकाचं जरा कमी-जास्त झालं तर काय बिघडतं?"

वैद्यबाईंना इतके रागावलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. आवाज चढला नाही. शब्द मात्र सुटे सुटे येऊ लागले.

"म्हणजे तुम्ही माझी अब्रू राखत होता. वा! आता ऐका. तुमच्यासारख्या भल्या माणसांच्या भरवशावर माझं औषध उद्या पास झालं, तर ते कुणाच्या पोटात जाईल? त्या अल्ताफच्या आईच्या. तिला ते लागू पडणार नाही, आणि तिला वाटेल बाईंनी दिलंय म्हणजे जुलाब थांबतील, म्हणून ती दवाखान्यात जाणारच नाही. तिथं तिचं काय होईल ते तुम्ही मला सांगा. सेक्शन ऑफिसर होतात ना? खोट्या टिपणीवर सही केली असती?"

"नसती," नाना म्हणाले.

"मग इथं का केलीत? माझ्या औषधाला बट्टा लागायचा असेल तर खुशाल लागू दे. मी तुमच्याकडून शाबासकी नव्हते मागत, नाना. मी फक्त उत्तर मागत होते." मग माझ्याकडे वळून, "गाडी काढ. मी डॉक्टरांना फोन करते."

नानांना त्याच दुपारी दाखल केले. सलाईन, रक्ताच्या तपासण्या, पोटॅशियम घसरलेले. आणखी एक दिवस गेला असता तर मूत्रपिंडांवर आले असते, असे डॉक्टर म्हणाले. चाचणीची पुडी बंद झाली. पुढची फेरी लांबली, डोस थोडा कमी झाला, पण नेहमीच्या गोळ्या वेळेवर घेत आणि प्रत्येक जुलाब वेळेवर सांगत नानांनी उरलेल्या सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या. आज ते तपासणीला जातात ते मेट्रोने, एकटे.

त्यांची पुडी खरी होती की कोरी, हे वैद्यबाईंनी विचारून घेतले नाही. त्यांच्या डोक्यात वेगळेच काही चालू होते. नानांनी जे केले ते आणखी कुणी केले असेल का? त्यांनी स्वतः कुणाला विचारले नाही. वॉर्डातल्या एका सिस्टरना विचारायला सांगितले. या सिस्टर रोहतकच्या, बोलायला करवतीसारख्या. त्यांनी दोन दिवसांत पुन्हा सगळ्यांना फोन केले आणि हाती आलेले वैद्यबाईंपुढे ठेवले. लपवणारे नाना एकटे नव्हते. गाझियाबादच्या मास्तरीणबाई तर रडल्याच. "मैडम इतने प्यार से पूछती हैं," त्या म्हणाल्या, "बुरा बोलते हुए अच्छा नहीं लगता।"

ज्या गुणामुळे माणसे त्यांच्यापाशी मन मोकळे करत, त्याच गुणामुळे चाचणीत तीच माणसे खोटे बोलली होती. दुसरे कुणी असते तर दोन-चार रुग्ण वगळून पुढे गेले असते. तसा सल्लाही मिळाला. "अरे, थोड़ा-बहुत तो हर जगह होता है," एक वरिष्ठ म्हणाले. वैद्यबाईंची निवृत्ती जवळ आली होती. चाचणी नव्याने सुरू केली तर तिचा निकाल त्यांच्या कारकिर्दीत लागणार नाही, आणि लागेल तेव्हा वर नाव दुसऱ्याचे असेल, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीपुढे गेल्या आणि म्हणाल्या की आजवर गोळा केलेल्या उत्तरांवर माझा विश्वास नाही, कारण ती मला खूश करण्यासाठी दिलेली आहेत. नवे रुग्ण घ्या, पहिल्यापासून सुरू करा आणि प्रश्न विचारण्याचे काम माझ्याकडून काढून घ्या.

"मग विचारणार कोण?" त्यांना विचारण्यात आले.

"जिला खूश करावं असं कुणाच्या मनातही येणार नाही, अशी बाई माझ्या पाहण्यात आहे," वैद्यबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून रोहतकच्या सिस्टर फोन करू लागल्या. पुडी बंद झालेल्यांचीही चौकशी काही काळ करायची असा नियम होता, म्हणून नानांनाही फोन येई. "ताऊ, सीधी बात बता। कै बार गया?" नाना आकडा सांगत. फोन ठेवून आईला म्हणत, "काय बाई आहे! हिच्याशी खोटं बोलायला हिंमतच होत नाही." वैद्यबाईंच्या कानावर हे गेले तेव्हा त्या मनापासून हसल्या. संध्याकाळचे फोन गेल्यामुळे त्यांना चुकल्या-चुकल्यासारखे होत असावे. त्या वेळात त्या सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारू लागल्या आणि भेटेल त्याला पोट विचारू लागल्या.

माझ्या वृत्तपत्राला या चाचणीची बातमी हवी होती. मराठी वैद्य, राजधानी, कर्करोग, मथळा तयारच होता. मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "अगं, आधी निकाल लागू दे. बातमी वाचून कुणी कुड्याची साल उकळून प्यायला लागलं तर त्याचं पोट तू पाहणार आहेस का?"

त्या निवृत्त झाल्या तेव्हा दिल्लीतल्या मराठी मंडळींनी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात छोटा निरोप समारंभ ठेवला. रविवारची दुपार, मसालेभात, मठ्ठा, जिलबी. सरकारी नोकरीतली कुटुंबे होती, काही विद्यार्थी होते, अल्ताफ होता. त्याची आई तोवर बरी होऊन शेतावर जाऊ लागली होती. मंडळाच्या चिटणिसांनी ओळख करून देताना सांगितले की केमोथेरपीतले जुलाब टाळणारे औषध शोधून काढणाऱ्या आपल्या वैद्यबाई आज दिल्ली सोडून कोकणात जात आहेत.

वैद्यबाई उठल्या. "शोधून काढलेलं नाही," म्हणाल्या. "शोधायचं काम चालू आहे. आता दुसरे लोक करताहेत, चांगलं करताहेत."

मागच्या रांगेतून एक निवृत्त अधिकारी म्हणाले, "बाई, आता नोकरी संपली. आपल्या माणसांत आहात. खरं सांगा, तुमचं औषध लागू पडतं की नाही?"

सभागृहात हसू पसरले. सगळ्यांना उत्तर एकच हवे होते, ते चेहऱ्यांवर दिसत होते. वैद्यबाईंनी नेहमीप्रमाणे प्रश्न पूर्ण संपू दिला आणि थोडा वेळ थांबल्या.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

आवाजात खेद नव्हता, सारवासारव नव्हती. रेल्वेची वेळ सांगावी तसे त्यांनी ते सांगितले आणि खाली बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे क्षणभर कुणाला कळेना. मग वाढपी जिलबी घेऊन आले आणि माणसे पानावर बसली.

मंडी हाउसला आम्ही परतीची मेट्रो घेतली. नानांना ज्येष्ठांच्या जागेवर बसायला मिळाले. यमुनेचा पूल आला. ते म्हणाले, "माझी सगळी नोकरी फायलींत गेली. मोठमोठ्या माणसांच्या सह्या पाहिल्या. 'माहीत नाही' असं लिहून खाली सही केलेली एक फाइल माझ्या टेबलावर कधी आली नाही." मयूर विहार येईपर्यंत ते ताठ बसून होते.